करवंटीतलं रेडिओ स्टेशन

बंगळूरच्या ज्या कॉलेजात मी वृत्तपत्रविद्येचा वर्ग केला, त्या वर्गात काय शिकवत होते ते आज मला आठवत नाही. जे आठवतं ते सगळं एका कपाटातलं आहे. ग्रंथालयाने मोडीत काढलेलं, पुरुषभर उंचीचं, आतल्या फळ्या काढून टाकलेलं लाकडी कपाट. त्याला आतून जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, बसायला एक स्टूल होतं आणि समोर काठीच्या टोकाला बांधलेली नारळाची करवंटी. करवंटी म्हणजे मायक्रोफोन आणि कपाट म्हणजे स्टुडिओ. बाहेर सायकलचा मागचा लाल दिवा हातात धरून जे गृहस्थ उभे असत, ते आमचे सर. दिवा लागला की आतल्याने बोलायला सुरुवात करायची आणि तो विझेपर्यंत थांबायचं नाही. ऐकायला आम्ही सहा-सात जण जमिनीवर बसलेले असू. त्यापलीकडे आमचं प्रक्षेपण कुठेही पोचत नसे.

असा एखादा विक्षिप्त माणूस प्रत्येक कॉलेजाच्या वाट्याला येतोच. आमच्या वाट्याला आलेला जरा जास्तच विक्षिप्त होता. त्यांनी काढलेल्या मंडळांमुळे कोणाचं काही भलं झालं, असं मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

मंडळं चार होती. रेडिओ मंडळ, भिंतपत्र मंडळ, वादविवाद मंडळ आणि धावत्या वर्णनाचं मंडळ. चारही मंडळांचे सभासद तेच. एका मंडळाचा मी अध्यक्ष होतो आणि दुसऱ्या मंडळासाठी खळ शिजवत होतो. यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं. अभ्यासक्रमात जे होतं ते शिकवताना सरांना जांभया येत. तास संपल्याची घंटा झाली की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. "सरी, आता कामाला लागू," म्हणून ते आम्हाला जिन्याखालच्या खोलीत घेऊन जात. कॉलेजने मंडळांना दिलेली ती एकुलती एक खोली.

सर घरचे मराठी, पण त्यांचं घराणं बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की कुठून आलो ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात ते इंग्रजी बोलत, जगाशी कानडी आणि माझ्याशी मराठी. ते मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. "स्वल्प थांब" म्हणजे थोडं थांब, "साकु झालं आता" म्हणजे पुरे झालं, आणि "सरी" म्हणजे बरं, असं चालायचं. मी निपाणीचा, कानडी मलाही येत होतं, पण आम्ही ते मराठीत कालवत नसू. निदान आमची तशी समजूत होती. सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए निपाणी" एवढंच. निपाणीला वडिलांची तंबाखूची वखार होती. एक वर्ष तुझ्या हौसेला दिलं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर वखारीत ये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तंबाखूच्या धुळीने मला शिंका येतात हे मी सांगून पाहिलं. सवय होते, असं उत्तर मिळालं.

भिंतपत्राचा कागद दर सोमवारी सकाळी जिन्यासमोरच्या फळ्यावर लागायचा. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे सगळ्यात वर, बोटभर जाड अक्षरांत, बातमी नसायची. तिथे 'दुरुस्ती' असायची. मागच्या अंकात आपण काय चुकीचं सांगितलं, ते पहिलं सांगायचं, असा सरांचा दंडक होता. बातम्या त्याखाली, बारीक अक्षरांत, जागा उरली तर. "बातमी वाचणारे हवे तितके वाचतील," ते म्हणत. "चूक वाचायची राहून गेली तर? ती तशीच फिरते ना गावभर!" हळूहळू असं झालं की मुलं बातमी वाचायला थांबतच ना. दुरुस्ती वाचायला मात्र गर्दी व्हायची.

एकदा आमच्यातल्या एका मुलीने स्नेहसंमेलनाच्या बातमीत लिहिलं, 'प्राचार्यांचं भाषण उद्बोधक झालं.' सर बाहेरगावी होते, बातमी तशीच लागली. पुढच्या सोमवारी दुरुस्ती आली. 'गेल्या अंकात प्राचार्यांचं भाषण उद्बोधक झालं असं म्हटलं होतं. ते अर्धा तास झालं.'

प्राचार्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त आपलं भाषण अर्धा तास झालं हे माहीत नव्हतं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि दार उघडंच ठेवून बोलले, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. एन.सी.सी.च्या बुटांना जागा नाही, जिन्याखालची खोली मला हवी आहे. तुमच्या मंडळांतून आजवर एक तरी विद्यार्थी खऱ्या रेडिओवर बोललाय का? खऱ्या वर्तमानपत्रात कोणाच्या चार ओळी आल्यात? या वर्षात एखादा उभा करून दाखवा. नाहीतर वर्षअखेर खोली बुटांना द्या.

सर बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, "बरोबर बोलतात ते. आजवर कोणीच नाही."

त्या दिवसापासून आमची तयारी वाढली. रविवारी सकाळी सर आम्हाला गावात कुठेतरी नेत आणि धावतं वर्णन करायला लावत. करवंटी काठीसकट बरोबर असायची. नियम एकच. दिसतं तेवढं सांगायचं, शोभेचे शब्द घालायचे नाहीत, आणि थांबायचं नाही. मारतहळ्ळी तेव्हा शेतांमधलं खेडं होतं. तिथल्या तळ्याच्या काठावर मी 'रम्य सकाळ' म्हणालो आणि सरांनी दिवा विझवला.

"रम्य कोणाला?" त्यांनी विचारलं. समोर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून चादरी आपटत होती. "तिला विचारलंस?"

मी पुन्हा सुरुवात केली. सकाळ आहे. एक बाई चादर धुते आहे. चादरीला भोक पडलेलं आहे.

"हां," सर म्हणाले. "आता मला ती दिसली."

दुसऱ्या एका रविवारी आम्ही के. आर. पुरमच्या रेल्वे स्टेशनवर गेलो. चीनच्या लढाईनंतरचे दिवस. मी फलाटाच्या टोकाला उभा राहून करवंटीत सांगत होतो की मालगाडी आली आहे, डबे झाकलेले आहेत, इंजिन पाणी घेतं आहे. एवढ्यात एका पोलिसाने माझी कॉलर धरली. मी घाबरलो, पण करवंटीत बोलणं थांबवलं नाही. सर शांतपणे पुढे झाले.

"हे काय आहे?" पोलिसाने काठीकडे बोट केलं.

"करवंटी," सर म्हणाले.

"गाड्यांची माहिती कोणाला कळवताय?"

"कोणालाच नाही," सर म्हणाले. "तेच तर आमचं दुःख आहे."

पोलिसाने करवंटी हुंगून पाहिली, उलटी करून पाहिली, कानाला लावून पाहिली. मग ती परत देऊन सरांकडे अशा नजरेने बघितलं की मला पकडलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. परतीच्या वाटेवर सर मला म्हणाले, "निपाणी, इंजिन पाणी घेत नव्हतं. नळ तुटला होता, पाणी खाली जात होतं. नीट बघत जा."

सरांच्या घरी त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. कॉफी देताना अक्का सरांच्या गोष्टी सांगायच्या आणि सर समोर बसून मान डोलवायचे, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

"लग्न ठरवताना यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, घर आमचं स्वतःचं आहे. लग्न लागलं, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे मांडवात उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, घर थोरल्या अण्णाचं आहे, काल चुकून आमचं म्हटलं! माझी आई रडायला लागली. अय्यो, काय सांगू तुला!"

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? मनात म्हटलं, या माणसाला खोटं पचत नाही. संसाराला बरं आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बरं म्हणजे, स्वल्प त्रास होतो."

वर्ष संपत आलं आणि रेडिओ केंद्रातून निरोप आला. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात थेट धावतं वर्णन करायला कॉलेजचा एखादा मुलगा हवा होता. के. आर. पुरमच्या पलीकडे एका सरकारी कारखान्याची नवी शेड तयार झाली होती. मंत्री येऊन बटण दाबणार, यंत्राचा पट्टा फिरणार आणि पहिला माल बाहेर पडणार. कानडीत बोलायचं होतं. सरांनी केंद्रात खेटे घालून घालून हे मिळवलं होतं. त्यांनी माझं नाव दिलं. का दिलं हे मी कधी विचारलं नाही. पोलिसाने पकडल्यावरही माझं तोंड चालूच होतं म्हणून, असं अक्कांनी नंतर सांगितलं.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला मुद्दाम बोलावून पाठीवर हात ठेवला. उद्या नीट झालं तर खोली तुमची, म्हणाले. केंद्रातल्या अधिकाऱ्यानेही समजावून सांगितलं की असा कार्यक्रम म्हणजे एक मंगल प्रसंग असतो, तेव्हा उत्साह दिसू दे. मी सगळ्यांना हो म्हणालो. मला खरंच ती खोली वाचवायची होती. आणि वखारीत जायचं नव्हतं.

मला बसायला शेडच्या बाजूच्या भिंतीला लागून बाकडं दिलं होतं. समोरून मंडप दिसत होता आणि डावीकडून यंत्राची मागची बाजू. हातात खरा मायक्रोफोन. तो करवंटीपेक्षा जड होता, एवढाच फरक मला जाणवला. सर शेडच्या पलीकडच्या टोकाला, कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरला कान लावून उभे होते. सुरुवात उत्तम झाली. मंत्री आले, हार घातले, मंत्री बोलायला उभे राहिले, आणि वीज गेली.

कर्णे बंद पडले. मंत्र्यांचे ओठ हलत होते, पण तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नव्हतं. आमचा मायक्रोफोन रेडिओच्या गाडीतल्या बॅटरीवर चालत होता, तो मात्र चालू राहिला. अधिकाऱ्याने मला खूण केली, बोलत राहा. मला दुसरं काही येतच नव्हतं. मी बोलत राहिलो. वीज गेली आहे. मंत्री बोलत आहेत, ते इथे ऐकू येत नाही. पंखे थांबले आहेत. पुढच्या रांगेतले लोक निमंत्रणपत्रिकेने वारा घेत आहेत.

मग मंत्र्यांनी बटण दाबलं. बँड वाजला. पट्टा फिरू लागला. टाळ्या झाल्या. आणि मी डावीकडे बघितलं.

अधिकारी माझ्या शेजारीच होता. त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "यंत्र सुरू झालं म्हण." मला खोली आठवली, बूट आठवले, वखारही आठवली. पण तोंडाला कपाटातली सवय होती. जे दिसत होतं ते बाहेर पडलं. मंत्र्यांनी बटण दाबलं आहे. वीज अजून आलेली नाही. यंत्राच्या मागे चार माणसं उभी आहेत. ती मोठं चाक हाताने फिरवत आहेत. पट्टा फिरतो आहे. त्यांचे शर्ट भिजले आहेत.

एवढं झालं आणि केंद्राने बासरीची तबकडी लावली.

परतताना बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सगळं घालवलं, असं मनात घोळत होतं. बरीच वाट गेल्यावर त्यांनी विचारलं, "चार म्हणालास तू?"

"हो सर."

"हं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कारखान्याची तक्रार आली, केंद्राची नाराजी आली. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं, पण आवाज इतका चढला होता की दाराचा काही उपयोग नव्हता. "तुम्हाला दुरुस्ती छापायची फार हौस आहे ना? मग छापा! यंत्राबद्दलचं विधान चुकीचं होतं, असं सोमवारी तुमच्या त्या फळ्यावर लागू दे. कारखान्याला मी तेच दाखवतो, प्रकरण मिटतं. खोली तुमच्याकडे राहील, हा माझा शब्द."

आम्ही सगळे सरांभोवती जमलो. त्यांची मनधरणी करणाऱ्यांत मीच पुढे होतो. "दोन ओळींचा प्रश्न आहे, सर. लिहून टाका. कोण वाचतंय!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी," ते म्हणाले. "दुरुस्ती द्यायलाच हवी. चूक झालीच आहे."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर मला तो टाकता आला नाही. खोली वाचली होती, आणि ज्या माणसाने ती मिळवली होती त्याच्याबद्दल मनात काहीतरी खट्टू झालं होतं. एवढं वर्ष कपाटात घाम गाळला तो यासाठी का, असं वाटत राहिलं. लिहून टाका म्हणणारा मीच, आणि ते लिहिणार म्हणून रुसणाराही मीच.

सोमवारी फळ्यासमोर अशी गर्दी होती की मला अक्षरं दिसेनात. प्राचार्य स्वतः खाली उतरून आले होते. मुलांनी त्यांना वाट करून दिली, त्यांच्या मागून मीही शिरलो. वर बोटभर जाड अक्षरांत, सरांच्या स्वतःच्या हातचं होतं.

'दुरुस्ती. कारखान्याच्या उद्घाटनाचं वर्णन करताना आमच्या प्रतिनिधीने सांगितलं की चार माणसं यंत्र हाताने फिरवत होती. हे चूक आहे. माणसं पाच होती. पाचवा खांबाच्या आड असल्याने प्रतिनिधीला दिसला नाही. त्या पाचव्या गृहस्थांची आम्ही क्षमा मागतो.'

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. मग वर गेले. दुपारी बुटांची पोती आली.

कपाट मोडीतलं असल्यामुळे ते न्यायला कोणाची हरकत नव्हती. सरांनी बैलगाडी ठरवली. आम्ही कपाट आडवं करून चढवलं, आतल्या गोधड्यांसकट. सर गाडीच्या बाजूने चालू लागले. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, कोणाला वाटलं लग्नाचं आंदण चाललं आहे. चौकात आल्यावर सरांनी काखेतली काठी काढून माझ्या हातात दिली आणि लाल दिवा लावला.

"बोल, निपाणी."

दिवा लागला होता. मी बोलू लागलो. एक बैलगाडी चालली आहे. गाडीत एक कपाट आहे. गाडीबरोबर एक शिक्षक चालत आहेत. त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला आहे. घर येईपर्यंत सरांनी दिवा विझवला नाही.

घरात ते कपाट मावेना, म्हणून ओसरीवर ठेवलं. पुढे आलेली मुलं तिथेच बसून बोलत असत, असं मी ऐकलं. पावसाळ्यात अक्का त्यात तांदळाचे डबे ठेवायच्या. प्रक्षेपण त्या काळात डब्यांशी होत असे.

मी वखारीत गेलो नाही. मला नोकरी लागली ती त्याच कारखान्यात, प्रसिद्धी विभागात. हा माणूस बाहेर असण्यापेक्षा आत असलेला बरा, असं तिथल्या कोणा साहेबाने म्हटल्याचं कानावर आलं. कारखान्याचं मासिक मी चालवू लागलो. प्रत्येक अंक सरांना पाठवायचो आणि शोभेचे शब्द लाल पेन्सिलीने खोडून तो परत यायचा. एका दिवाळी अंकात खोडून उरलेलं असं एकच वाक्य होतं. 'कँटीन दुपारी बारा वाजता उघडतं.'

मग एके वर्षी आमच्याकडे अपघात झाला. एका कामगाराचा हात गेला. यंत्रावरची जाळी त्याने स्वतःच काढली होती, असं मासिकात यावं अशी वरून सूचना होती. तसं आलं की दोष त्याचा ठरणार होता. मी जाऊन यंत्र पाहिलं. जाळी बसवायची भोकं पाडलेली होती, त्यांत स्क्रू कधी गेलेला नव्हता. आतला रंग तसाच होता. मी तेवढंच लिहिलं. माझी बदली भांडारात झाली. तिथे वारा चांगला येतो. तो कामगार आजही रस्त्यात भेटला की उरलेल्या हाताने नमस्कार करतो. तो अंक सरांकडून परत आला, तेव्हा मी पानं उलटून उलटून पाहिली. लाल पेन्सिल कुठेही लागली नव्हती.

गेल्या महिन्यात सर गेले. अक्कांना भेटून आलो. कपाट ओसरीवर तसंच आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी मला सरांवर काहीतरी लिहायला सांगितलं, ते वर लिहिलं आहे. आता वाचून पाहिल्यावर दोन चुका सापडल्या. त्या खरं म्हणजे सगळ्यात वर, जाड अक्षरांत द्यायला हव्या होत्या.

दुरुस्ती. सुरुवातीला सरांना विक्षिप्त म्हटलं आहे. तो शोभेचा शब्द आहे, काढून वाचावं.

दुरुस्ती. त्यांच्या मंडळांमुळे कोणाचं भलं झालं असं सांगता येणार नाही, असंही म्हटलं आहे. हे चूक आहे. माझं झालं.